मुशीचे नाक

आम्हां नगरकरांचा आणि समुद्राचा संबंध तसा सुकटीपुरताच. जिल्हा अवाढव्य, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला. आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी तोंडात 'नगर' बसले आहे ते बसलेच आहे. एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र म्हणून जो काही येतो, तो आठवडे बाजाराच्या दिवशी गोणपाटात बांधून येतो. गोणीचे तोंड सुटले की सुकट निघते, बोंबील निघतात आणि कधीमधी मिठात खारवलेले, वाळून चामड्यासारखे झालेले लांबोडके तुकडे निघतात. 'हे गं काय?' म्हणून विचारले, तर विकणारी म्हणते, 'मुशी.' त्या क्षणी बाजारातल्या बायकांच्या दोन जाती पडतात. एक नाकाला पदर लावून पुढे जाणारी आणि दुसरी नाक वर करून तिकडेच वळणारी. माझी जात दुसरी, हे सांगून टाकलेले बरे. नाकाच्या मागे जाणे हा काही फक्त माशांचाच स्वभाव नव्हे.

आमच्या शाळेतल्या मुलांना मुशी ठाऊक नसते. त्यांना ठाऊक असतो तो शार्क. तो पडद्यावर राहतो, पाण्यावर तिकोनी कल्ला काढून फिरतो, रक्ताचा थेंब पडला की पिसाळतो आणि पोहणाऱ्याला मधोमध तोडतो. मुशी मात्र गोणीत राहते, किलोने मिळते आणि लसणीच्या वाटणात बरी लागते. ही दोघे एकाच कुळातली, किंबहुना शार्क हेच मुशीचे इंग्रजी नाव, हे कुणाच्या गावीही नसते. भयाला परदेशी नाव असले की त्याचा रुबाब वाढतो, असे मला पुष्कळदा वाटले आहे.

हा रुबाब आमच्या वर्गात शिरला तो २०२४ सालच्या फेब्रुवारीत. पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. बातमी घरोघर पोचली, आणि दुसऱ्या दिवशी व्याकरणाच्या तासाला पहिला हात वर झाला तो समासासाठी नव्हे. "बाई, रक्ताचा एक थेंब पाण्यात पडला, तर शार्कला मैलावरून वास येतो. खरंय का?" त्याच्या मागच्या बाकावरून लगेच दुसरा प्रश्न आला, "बाई, आपल्या पुणतांब्याला येईल का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. वैतरणा आणि गोदावरी या दोघींचे माहेर त्र्यंबकच्याच डोंगरांत. पण एक पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते, तर दुसरी कोपरगाव, पुणतांबा करीत पूर्वेला जाते ती थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. पालघरला सापडला तो बुल शार्क जातीचा असल्याचे सांगण्यात आले. ही जात गोड्या पाण्यात शिरणारी म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. ॲमेझॉन नदीत हे मासे पेरू देशातल्या इक्विटोस गावापर्यंत, म्हणजे मुखापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक आत सापडले आहेत. तेव्हा अंगात बळ असते तर पुणतांब्यालाही यायला हरकत नव्हती. पण वाटेत धवळेश्वरमचा बंधारा आहे, श्रीरामसागर आहे, जायकवाडीची भिंत आहे. एवढ्या धरणांवरून उड्या मारून जो मासा पुणतांब्याला पोचेल, त्याला आपण चावण्याआधी हार घालू, असे मी म्हटले. वर्ग हसला आणि भीती जराशी ओसरली.

पहिला प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी मराठी शिकवते. माझे स्वतःचे विज्ञान मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपले. पण कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. एखादी गोष्ट फार चांगली जुळून आली की त्याला संशय येतो. 'एक थेंब आणि एक मैल' हे फारच चांगले जुळलेले वाक्य होते. असे वाक्य आपण स्वतः लिहिले असते तर दोनदा खोडले असते. म्हणून मग जमेल तसे, शब्दकोश उशाशी ठेवून, वाचायला लागले.

आधी त्या थेंबाचा हिशेब सांगते. अमेरिकेतल्या लेमन शार्क नावाच्या जातीबद्दल एक आकडा नेहमी दिला जातो. टूना माशाचे तेल अडीच कोटी भाग पाण्यात एक भाग असले, तरी त्याला ते कळते. अडीच कोटी हा शब्द ऐकून छाती दडपते खरी. पण वहीवर मांडले की आकडा जमिनीवर येतो. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब होतात. तेव्हा एका थेंबाच्या अडीच कोटी पट पाणी म्हणजे साडेबाराशे लिटर. आपल्या छपरावर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तिच्याहून थोडे जास्त. म्हणजे अख्ख्या समुद्रात एक थेंब नव्हे, तर टाकीत एक थेंब! आणि तोही रक्ताचा नव्हे, माशाच्या तेलाचा. २०१० साली फ्लॉरिडात शार्क आणि पाकट मिळून पाच जातींच्या नाकांची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा असे दिसले की त्यांची नाके तीक्ष्ण आहेत हे खरे, पण इतर साध्यासुध्या माशांच्या नाकांहून काही अधिक तीक्ष्ण नाहीत. थोडक्यात, आपल्या ओढ्यातल्या मरळीने मनावर घेतले असते, तर तिच्यावरही सिनेमा निघाला असता.

मैलाची गोष्ट याहून मजेची. वास हा काही तारेतला संदेश नव्हे, की इकडे कळ दाबली आणि तिकडे घंटा वाजली. वास म्हणजे पदार्थाचे बारीक कण, आणि ते कण प्रत्यक्ष नाकापर्यंत चालत यावे लागतात. पाणी अगदी निश्चल असेल तर कणाला आपल्या आपण एक सेंटिमीटर सरकायला निम्मा दिवस लागतो. मैलाची तर बातच सोडा. त्या मुशीच्या पणतीच्या नाकाशीही तो पोचायचा नाही. कणांना नेते ते वाहते पाणी. हे मुलांना दाखवायला आमच्याकडे पाट आहे. प्रवरेच्या पाटाला आवर्तन सुटले तेव्हा एका दुपारी मी वर्ग काठावर नेला आणि लाल शाईची बाटली पाण्यात उपडी केली. शाई गोल पसरली नाही. तिची एक शेपटी झाली आणि ती वळणे घेत, मध्येच तुटत, पुन्हा जुळत खालच्या अंगाला गेली. वरच्या अंगाला वीतभर अंतरावर पाय सोडून बसलेल्या मुलांना तिचा पत्ताही लागला नाही. मी त्यांना म्हटले, "तुम्ही शार्क असता तर उपाशी राहिला असता." समुद्रातही असेच घडते. प्रवाहाच्या खालच्या अंगाला जो असेल त्याला वास लागेल. तोही प्रवाह जितक्या वेगाने येईल तितक्याच वेळाने, आणि तोवर पातळ होत होत काही उरले असेल तर.

आता त्या नाकाकडे वळते. कारण मला खरे वेड लावले ते त्यानेच.

मुशीच्या मुस्कटाच्या खालच्या बाजूला दोन भोके असतात. त्यांचा घशाशी संबंध नाही, श्वासाशी नाही. श्वास घ्यायला तिला कल्ले आहेत. ही भोके निव्वळ हुंगण्यासाठी. पोहता पोहता पाणी एका बाजूने आत शिरते, आतल्या घड्यांवरून फिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. आपल्याला वास घ्यायचा तर श्वास घ्यावाच लागतो, आणि नको असला तर नाक दाबता येते. मुशीला यातले काहीच नाही. ती चालली की वास आलाच.

पण भोके दोन कशाला? एकाने भागले नसते का? या प्रश्नाची गाठ शंभर वर्षांपूर्वीच एकाने धरली होती. अमेरिकेत वुड्स होल नावाच्या किनारपट्टीच्या गावी १९११ च्या सुमारास शेल्डन नावाच्या संशोधकाने लहान जातीच्या मुशींच्या नाकांत कापसाचे बोळे घातले. बोळे असलेली मुशी मांसाच्या पुरचुंडीवरून सरळ निघून जाई. बोळे काढले की तीच मुशी पुरचुंडी शोधून काढी. मग १९१४ साली पार्कर यांनी एकाच नाकपुडीत बोळा घातला. मुशी उघड्या नाकपुडीच्या बाजूलाच वळत राहिली, पाण्याच्या बैलासारखी गोल गोल. म्हणजे कोणत्या बाजूला वळायचे, हे दोन नाकपुड्यांच्या तुलनेवरून ठरते, एवढे कळले.

पुढे पुष्कळ वर्षे सगळ्यांचा समज असा, की ज्या बाजूला वास दाट त्या बाजूला ती वळत असावी. तर्काला पटणारी गोष्ट आहे. आपणही तेच म्हटले असते. २०१० साली जेन गार्डिनर आणि येले आतेमा या दोघांनी ते करून पाहिले. मुशीच्या डोक्यावर बारीक नळ्या बसवून त्यांनी प्रत्येक नाकपुडीत वेगवेगळा, मोजून-मापून वास सोडला; कधी डावीकडे आधी, कधी उजवीकडे आधी, कधी एकीकडे पातळ तर दुसरीकडे दाट. निघाले ते भलतेच. मुशी दाट वासाकडे वळली नाही; वास ज्या नाकपुडीत आधी पोचला तिकडे वळली. तो पातळ असला तरीही! आणि हे 'आधी' म्हणजे किती आधी, तर सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत. फरक त्याहून जास्त, पुरा एक सेकंदाचा झाला, की तिचे गणित बिघडे आणि ती कुठेही वळे.

मला हे वाचून त्या रात्री झोप आली नाही. पाटातली शाईची शेपटी आठवत राहिली. पाण्यातला वास असाच तुटक, ठिगळाठिगळांचा असतो. मधल्याच एखाद्या ठिगळात काठापेक्षा दाट कण सापडतील, त्यावर विश्वासून कसे चालेल? तेव्हा मुशी दाटपणाकडे दुर्लक्ष करते आणि फक्त कड चाचपते. आता डावीकडे लागली, वळा डावीकडे. आता उजवीकडे, वळा उजवीकडे. अंधारात भिंतीला हात लावीत चालणाऱ्या म्हातारीसारखी ती प्रवाहावर चढत जाते. यात पिसाळणे कुठे आहे? उलट एवढे निमूट, एवढे सावध वाचन मी वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाकडूनही करून घेऊ शकलेले नाही.

आणि ती वाचते ते तरी काय? रक्ताचा लाल रंग नव्हे, किंवा आपण ज्याला रक्त म्हणून भितो ते काहीतरी भयंकरही नव्हे. तिच्या नाकाला कळतात ती अमिनो आम्ले, म्हणजे मांसात, माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावात, फुटलेल्या आतड्यांत असणारे साधे अन्नघटक. रक्तातही ती असतात, म्हणून रक्त तिला कळते. घायाळ मासा तडफडतो तेव्हा त्याची तडफड आधी कानाला कळते, कारण आवाज वासाच्या पुष्कळ पुढे धावतो; मग नाक, मग अंगाच्या कडेने असलेली लहरी ओळखणारी रेषा, मग डोळे, आणि अगदी जवळ गेल्यावर मुस्कटावरच्या बारीक छिद्रांनी जाणवणारी सजीवाच्या अंगातली वीज. ही छिद्रे इटलीच्या लोरेंझिनीने १६७८ साली नोंदवली. ती कशासाठी आहेत हे कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे गेली. एवढी सगळी साक्ष जमल्यावर मग तोंड उघडायचे की नाही हे ठरते. गढूळ खाडीत डोळ्यांची साक्ष निघत नाही, आणि घोळ होतो तो बहुधा तिथेच. बुल शार्कच्या माद्या पिल्ले घालायला खाड्यांच्या तोंडाशी येतात. माणसेही मासळीसाठी तिथेच उतरतात.

तरीही थेंबाचे वाक्य मरत नाही. याला आमचाच एक व्यवसायबंधू बराचसा कारण आहे. पीटर बेंचली यांची 'जॉज' ही कादंबरी १९७४ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावरच्या चित्रपटाने जगातल्या निम्म्या लोकांना न्हाणीघरात जायची भीती घातली. बेंचली यांना पुढे शार्कविषयी खरे ते कळत गेले तसतशी हळहळ वाटू लागली. आज आपल्याला ती कादंबरी लिहिता आली नसती असे ते म्हणत, आणि २००६ साली वारले तोवर त्यांनी शार्क वाचवण्यासाठी बरेच काम केले. पण कादंबरी एकदा बाजारात गेली की लेखकाच्या बापालाही ती परत आणता येत नाही.

त्याआधीही भीती होतीच म्हणा. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरचे खलाशी आणि पाण्यात पडलेले वैमानिक शार्कच्या नुसत्या विचाराने खचत. म्हणून अमेरिकेने एक वडी तयार केली. तांब्याचे एक संयुग आणि काळा रंग एकत्र करून केलेली ती वडी पाण्यात विरघळली की शार्क पळतो, असे सांगून ती शिपायांना देत. कोळी लोकांचा जुना अनुभव असा होता, की सडलेल्या शार्कच्या आसपास जिवंत शार्क फिरकत नाहीत. त्यावरून ही युक्ती निघाली. या खटपटीत हातभार लावणाऱ्या कचेरीत ज्युलिया चाइल्ड नावाच्या एक बाई होत्या. पुढे त्या पाककलेवरची पुस्तके लिहून जगप्रसिद्ध झाल्या. त्यांच्या हातची ही पहिली पाककृती पाहुण्यांना हाकलण्यासाठी होती, हे दिवाळीच्या फराळात गुंतलेल्या माझ्या भगिनींना सांगायला मला फार आवडते. वडीने शार्क कितपत पळत, यावर पुढे तज्ज्ञांचे एकमत राहिले नाही. पण खिशात ती असल्याने माणसाला धीर येई.

आकडे पाहायचे तर तेही पाहावेत. फ्लॉरिडातल्या एका संग्रहालयात जगभरच्या शार्कच्या चाव्यांची नोंदवही ठेवली जाते. माणसाने न डिवचता झालेले चावे २०२३ साली ६९ होते, २०२४ साली ४७. साऱ्या पृथ्वीवर मिळून! आपल्या देशात नुसत्या सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तरी आमच्या शेतकऱ्याची पोरे काळोखात बॅटरी न घेता मोटार चालू करायला जातात आणि भितात ती शार्कला. उसातल्या बिबट्याचेही तसेच. 'रक्ताला चटावलाय' म्हणून त्याच्या नावाने बोंब होते. आणि आमच्याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला, तेव्हा तिथल्या बिबट्यांचे मुख्य खाणे निघाले गावातली कुत्री.

इथवर सगळे वहीतले झाले. पण त्याच वर्षी डिसेंबरात शाळेची सहल कोकणात गेली आणि या वहीची गाठ एका मुलीशी पडली.

मुक्काम दापोली तालुक्यातल्या मुरूडला होता. महर्षी कर्व्यांचे मुरूड ते हेच. रात्रभर एस. टी. त हाडे खिळखिळी करून घेऊन मुले पोचली आणि समुद्र दिसताच सगळी शिस्त मोडून धावत सुटली. घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढे जायचे नाही, असा दंडक होता. तो गुडघ्यापर्यंत केव्हा गेला हे कुणालाच कळले नाही. एक मुलगी मात्र वाळूवर बसून राहिली. नववीतली, अबोल. तिच्या सहलीचे पैसे तिच्या आजीने एक करडू विकून भरले होते, हे मला ठाऊक होते. समुद्र तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला होता, आणि पाहतच होती, दहा हातांवरून.

मी विचारण्याआधीच आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला बाजूला घेतले. "तिला पाण्यात नेऊ नका. तिची अडचण आहे. मीच सांगितलंय तिला. एक तर बरं नव्हे ते, आणि दुसरं म्हणजे त्या माशांना वास लागतो. पालघरचं वाचलंत ना? उद्या काही झालं तर तिच्या घरी तोंड कोण दाखवणार?"

बाई दुष्ट नव्हत्या. सगळ्या सहलीत मुलींच्या पोटदुखीला ओवा आणि गरम पाण्याची पिशवी पुरवणाऱ्या त्याच. पण मला एका क्षणात दिसले, की मुलांनी वर्गात आणलेले ते थेंबाचे वाक्य किती लांब चालत आले होते. आजवर जे 'शिवायचे नाही' होते, देवघराच्या उंबऱ्यावर आणि लोणच्याच्या बरणीपाशी उभे होते, त्याला आता समुद्राचीही वेस मिळाली होती, आणि राखणीला एक मासा. कावळ्याच्या जागी शार्क आला होता, एवढेच.

मी जाऊन तिच्याशेजारी बसले. ओल्या वाळूत बोटाने एक मुशी काढली, तिच्या मुस्कटावर दोन भोके काढली आणि टाकीतला थेंब, पाटातली शाई, आधी पोचलेला वास, हे सगळे तिला सांगितले. बाईमाणसाचे चार-पाच दिवसांत मिळून दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते. आणि त्या संग्रहालयाच्या नोंदींत पाळीमुळे धोका वाढल्याचे दिसत नाही, उलट चावे बसलेल्यांत पुरुषच फार, हेही सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले. एक प्रश्नही विचारला. "बाई, तिचं एक नाक चोंदलं तर ती गोल गोल फिरते, मग दमत नाही का?" पण "यायचं का?" म्हटल्यावर तिने मान हलवली. "नको. सगळ्यांना कळेल."

यावर माझ्या वहीत काही उत्तर नव्हते. भीती माशाची होती तोवर मी तिच्याशी लढू शकत होते. लाट आली आणि वाळूतली मुशी पुसून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हर्णैला गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. होड्या पाण्यात उभ्या राहतात, टोपल्या डोक्यावरून वाळूत येतात, ढीग पडतात, बोली लागते. बोली कुणाला कळते ते देव जाणे; मुले तर तोंड उघडे टाकून पाहत राहिली. लिलावाच्या कडेला, लाट जिथवर येऊन परत फिरते तिथे, बायका मासळी कापून धूत होत्या. पाण्याला लालसर रंग आला होता. लाट यायची, तो रंग घेऊन जायची आणि पुन्हा स्वच्छ होऊन यायची.

एका प्रौढ बाईच्या पुढ्यात मुशींचा ढीग होता, हात-दीड हात लांबीच्या, करड्या, चपट्या नाकाच्या. मी मुलींना म्हटले, "हा बघा तुमचा शार्क." कुणाचा विश्वास बसेना. बाईने एक उचलून उताणी केली आणि ती दोन भोके दाखवली. माझी वाळूतली मुशी इतकी चुकीची नव्हती, हे पाहून मला बरे वाटले. मग तिने कोयती चालवली, पोट उघडले आणि थांबली.

"गाभण हाय," ती म्हणाली. "या, बघा."

आत पिल्ले होती. बोटाएवढी, पुरी घडलेली, डोळे, कल्ले, शेपट्या, सगळे जागच्या जागी. आणि प्रत्येकाच्या गळ्याखालून एक बारीक दोरी निघून आईच्या पोटात गेली होती. मुशीच्या या जातीला वार असते, नाळ असते. पिल्लू आईच्या रक्तावर वाढते आणि जिवंत जन्माला येते, हे मी वाचले होते. पण वाचणे निराळे. माझ्या मागे कुजबुज थांबली. ती अबोल मुलगी केव्हा पुढे आली मला कळले नाही. ती गुडघ्यांवर बसून मोजत होती. "अकरा," ती म्हणाली. तिच्या खांद्यावरून आणखी एक डोके वाकले होते. ते आमच्या ज्येष्ठ बाईंचे होते. त्यांनी पदर नाकाला लावला होता, पण डोळे ढळले नव्हते. "नाळ आहे हो हिला," त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाल्या. "अगदी आपल्यासारखी."

मुलीने त्या मासेवालीला विचारले, "मावशी, तुम्ही रोज इथंच धुता? रक्त?"

"मग काय घरी न्हेऊन धुऊ?"

"आणि मुशी येत नाही?"

बाई खळखळून हसली. शेजारणींना तिने प्रश्न सांगितला, त्याही हसल्या. मग गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे आणखी वर खोचून तिने आपल्या पोटऱ्या पुढे केल्या. लहानपणापासून त्या याच पाण्यात उभ्या होत्या, आणि त्यांच्यावर काट्यांचे, कोयतीचे, शिंपल्यांचे ओरखडे तेवढे होते. "आमाला महिन्याची सुट्टी कोन देतो?" ती म्हणाली. हे ती मुलीकडे पाहून म्हणाली की सहज, ते मला सांगता येणार नाही. बायकांना काही गोष्टी वासानेच कळतात.

तिने ते पोट रिकामे केले, मुशी टोपलीत टाकली आणि टोपली मुलीकडे सरकवली. "धर गं जरा. खळबळून आन."

मुलीने टोपली उचलली. माझ्याकडे तिने पाहिले नाही, कुणाकडेच पाहिले नाही. लाट येत होती तशी ती सरळ चालत गेली आणि पोटरीभर पाण्यात टोपली बुडवून दोन्ही हातांनी हलवू लागली. तिच्याभोवती पाणी लाल झाले आणि एक लांब शेपटी होऊन दक्षिणेला वाहू लागले.

ज्येष्ठ बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आणि मग दोन्ही हातांचा कर्णा करून मोठ्याने ओरडल्या,

"अगं, चपला तरी काढ! नव्या आहेत ना!"